खसखस चालते, मग भांगेचं बी का नाही?

दिवाळीत अनारसा थापताना आपण खाली खसखस पसरतो. ही खसखस येते अफूच्या बोंडातून. बोंड हिरवं असताना त्याला चिरा दिल्या की जो चीक पाझरतो तो सुकून अफू होते, आणि तेच बोंड वाळलं की आत खुळखुळणारं बी म्हणजे आपली खसखस. चीक असतो बोंडाच्या सालीत. बी स्वतः तो तयार करत नाही. म्हणून चार अनारसे खाऊनही कुणाला झिंग येत नाही, आणि घरातल्या लहान मुलाला खसखशीची खीर देताना कुणाचा हात अडखळत नाही.

हे सगळं मला आमच्या सासूबाईंना समजावून सांगावं लागलं, कारण तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी एक डबा पाठवला होता. काकू मूळच्या उत्तराखंडातल्या अल्मोड्याच्या, गेली तीस वर्षं मुलुंडला आमच्याच सोसायटीत. डब्यात हिरवट-राखाडी चटणी होती, लिंबाचा आंबटपणा नाकाला जाणवणारी. "भांगेच्या बियांची आहे, आमच्या पहाडात रोज करतात," असं त्यांनी सांगून पाठवलं. आई डब्याला हात लावेनात. "अगं, घरात मुलं आहेत. भांग कसली खायला घालतेस?" त्यांची भीती चुकीची नव्हती. आपल्याकडे भांग म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती होळीची थंडाई, आणि गांजा म्हटलं की पोलीस. बी वेगळं आणि पानफूल वेगळं, हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नाही.

तर ते आधी सांगते.

भांग, गांजा, चरस आणि हल्ली दुकानात 'हेम्प' नावाने मिळणारं बी, हे सगळं एकाच जातीच्या झाडाचं. शास्त्रीय नाव कॅनाबिस सटायव्हा. पपईसारखी यातही नर आणि मादी झाडं सहसा वेगवेगळी असतात. मादी झाडाच्या फुलोऱ्यावर अगदी बारीक केस असतात आणि त्यांच्या टोकाला चिकट राळेचे थेंब. नशा आणणारा टीएचसी हा पदार्थ मुख्यतः त्या राळेत. हा फुलोरा वाळवला की गांजा, नुसती राळ गोळा केली की चरस, आणि पानं वाटली की भांग. बी तयार होतं त्याच फुलोऱ्याच्या पोटात, पण बियांना राळेच्या ग्रंथी नसतात. थोडीफार राळ सालीला बाहेरून चिकटून येते, ती चाळून, धुऊन, साल काढून जवळजवळ सगळी निघते. खसखशीचं आणि याचं गणित अगदी एकच.

शिवाय सगळ्या झाडांत टीएचसी सारखा नसतो. धाग्यासाठी आणि बियांसाठी शतकानुशतकं निवडत आणलेल्या वाणांत तो नावापुरता असतो. फुलोऱ्याच्या कोरड्या वजनात ०.३ टक्क्यापेक्षा कमी टीएचसी असेल तर ते 'हेम्प', ही आज अनेक देशांत चालणारी रेषा अर्नेस्ट स्मॉल नावाच्या कॅनडाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने सहकाऱ्याबरोबर १९७६ साली आखली. झाडांचं वर्गीकरण सोपं व्हावं म्हणून आखलेली ती रेषा पुढे कायद्यांनी उचलली. निसर्गात अशी काही भिंत नाही. आणि बियांपुरतं बोलायचं तर त्यांची तपासणी याहून कितीतरी बारीक मापाने होते, त्याबद्दल पुढे.

काकूंची चटणी आईंनी शेवटी चाखली, ती मी बियांचं झाड कागदावर काढून दाखवल्यावर. डबा रिकामा परत द्यायचा नाही म्हणून त्यात कारळ्याची चटणी भरून पाठवली, आणि दोन दिवसांनी काकू स्वतःच एक पुडी घेऊन आल्या, कृती शिकवायला.

साल असलेलं बी मोहरीपेक्षा मोठं, मिऱ्यापेक्षा लहान, राखाडी आणि त्यावर नक्षीसारख्या रेघा. काकूंनी लोखंडी कढई मंद आचेवर ठेवली आणि अर्धी वाटी बी कोरडंच टाकलं. सुरुवातीला काहीच होत नाही. मग एखादं बी तडकतं, मग चारपाच, आणि कढईतून भाजलेल्या शेंगदाण्याचा आणि ओल्या गवताचा मिळून एक वास यायला लागतो. "बस," काकू म्हणाल्या आणि लगेच ताटात ओतलं. आणखी अर्धं मिनिट ठेवलं तर कडू होतं. त्याच कढईत चमचाभर जिरं आणि तीन-चार सुक्या मिरच्या गरम केल्या. मग सगळं थंड करून मीठ, कोथिंबीर, पुदिना आणि थोडं पाणी घालून वाटलं, वरून भरपूर लिंबू पिळलं. पहाडात यासाठी मोठं, जाड सालीचं लिंबू असतं. मुंबईत आपलं कागदी लिंबू चालतं, फक्त दोन घ्यायचे.

पहिल्यांदा मी एकटीने केली तेव्हा चटणी दाताखाली कचकचली. साल मिक्सरमध्ये नीट वाटली जात नाही. काकू पाट्यावर वाटतात म्हणून त्यांची मऊ होते. मिक्सर वापरायचा तर आधी बी कोरडंच फिरवायचं, बारीक चाळणीने चाळून साल टाकून द्यायची आणि मग बाकीचं घालून वाटायचं. किंवा पाणी घालून वाटून ते सुती फडक्यातून पिळून घ्यायचं, म्हणजे नारळाच्या दुधासारखं दाटसर पांढरं दूध निघतं. कुमाऊंत, म्हणजे अल्मोड्याच्या भागात, हे दूध गडेरीच्या भाजीत घालतात. गडेरी म्हणजे अळूचे मोठे कंद. आपल्या अळकुड्यांच्या रश्शाला हे दूध इतकं जमून येतं की मला नारळाची आठवण झाली नाही. एवढं लक्षात ठेवायचं, की दूध घातल्यावर रस्सा जोरात उकळू द्यायचा नाही, नाहीतर प्रथिनं फुटून चोथा वर तरंगतो.

दुकानातल्या पाकिटांत बहुतेक वेळा साल काढलेलं बी मिळतं. मऊ, मलईच्या रंगाचं, अधूनमधून हिरवे ठिपके, चव ओल्या अक्रोडाच्या जवळची. हे भाजायचीही गरज नाही. काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याच्या कुटाऐवजी दोन चमचे, थालीपिठावर तिळासारखं दाबून, ताकात वाटून, लहान मुलांच्या मऊ भातावर तुपाबरोबर. चकली तळताना मात्र यातलं काही वापरायच्या भानगडीत पडू नका, कारण पुढे येतंय ते तेलाचं प्रकरण.

सोललेल्या १०० ग्रॅम बियांत साधारण ३१ ग्रॅम प्रथिनं आणि ४९ ग्रॅम स्निग्धांश असतो. ऊर्जा साडेपाचशे कॅलरीच्या आसपास. मॅग्नेशियम सुमारे ७०० मिलिग्रॅम, जे बहुतेक धान्यांपेक्षा खूप जास्त आहे. रोज कुणी १०० ग्रॅम खात नाही. तीन मोठे चमचे, म्हणजे ३० ग्रॅम धरले, तर नऊ-साडेनऊ ग्रॅम प्रथिनं पोटात जातात. ज्या घरात मांस-मासे नाहीत, अंडंही नाही, तिथे ही भर लहान नाही.

पाकिटांवर 'संपूर्ण प्रथिन' असं छापलेलं असतं. ते अर्धं खरं आहे. शरीराला बाहेरूनच घ्यावी लागतात अशी सगळी अमिनो आम्लं या बियांत आहेत, पण त्यातलं लायसीन कमी आहे. ज्वारी, बाजरी, गहू यांच्यातही लायसीनच कमी असतं. म्हणजे नुसत्या भाकरीबरोबर ही चटणी खाल्ली तर उणीव तशीच राहते. डाळींमध्ये लायसीन भरपूर असतं. हरभऱ्याच्या पिठाचं पिठलं, भाकरी आणि ही चटणी एका ताटात आली की हिशोब पुरा होतो. मुगाची उसळ असेल तरी तेच. आपल्या जेवणाची जुनी मांडणी इथे कामाला येते, नवीन काही शिकावं लागत नाही.

तेलाचं आता. या बियांच्या तेलात सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग बहुअसंपृक्त स्निग्धाम्लांचा असतो आणि त्यात ओमेगा-६ व ओमेगा-३ यांचं प्रमाण साधारण तीनास एक. हे प्रमाण चांगलं मानतात. पण मी प्रामाणिकपणे सांगते, फक्त ओमेगा-३ साठी हे महाग बी घेऊ नका. आपल्या जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-३ असतं आणि जवस कितीतरी स्वस्त आहे. जवसाची चटणी फडताळातून काढून तिथे हेम्प ठेवणं मला पटत नाही. जवस, कारळे, तीळ यांच्या शेजारी चौथा डबा म्हणून ते यावं. त्याची खरी जमेची बाजू प्रथिनं आणि मॅग्नेशियम.

असं तेल उष्णतेला आणि हवेला नाजूक असतं. फोडणी कडकडीत व्हायच्या आतच ते धूर सोडायला लागतं, त्यामुळे तळणीला नाही, फोडणीलाही नाही. तयार पदार्थावर वरून घालायचं. आणि मुंबईच्या दमट हवेत सोललेलं बी लवकर खवट होतं. ओट्यावरच्या बरणीत नको, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये, आणि पाकीट लहान घ्यायचं. वास रंगाच्या डब्यासारखा आला की टाकून द्यायचं, भाजून वास जातो का बघू नये.

कायद्याबद्दल लोक दबक्या आवाजात विचारतात, म्हणून स्पष्ट लिहिते. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यात गांजाची व्याख्या फुलोऱ्याची आहे. फुलोरा सोबत नसेल तर बी आणि पानं त्या व्याख्येतून वगळली आहेत. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराची भाषाही हीच. पानांची भांग राज्यांच्या कायद्यांखाली येते, तो वेगळा विषय. बियांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, नोव्हेंबर २०२१ मध्ये नियम काढले. हेम्पचं बी, त्याचं तेल आणि पीठ अन्न म्हणून विकायला परवानगी मिळाली. बियांत टीएचसी किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. पाकिटावर नशा येईल असं सुचवणारा शब्द किंवा भांगेच्या पानाचं चित्र चालत नाही. म्हणून पाकिटावर परवान्याचा क्रमांक आहे का ते बघा, आणि पानाचं मोठं चित्र छापून कुणी 'मूड' विकत असेल तर ते पाकीट ठेवून द्या. सीबीडी तेल, विजया वगैरे नावाने मिळतं ते पान-फुलांपासून काढलेलं औषध असतं. त्याचा स्वयंपाकाशी काही संबंध नाही, ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचं.

दोन सावधगिऱ्या मुंबईकरांसाठी मुद्दाम. दुबईला मुलाकडे जाताना डब्यात ही चटणी नेऊ नका. आखाती देशांत खसखससुद्धा बंदी असलेल्या यादीत आहे, तिथे 'बियांत नशा नसते' हा युक्तिवाद विमानतळावर उपयोगाचा नाही. आणि घरात कुणी जहाजावर नोकरीला असेल, जिथे अंमली पदार्थांची चाचणी होते, तर रजेवर आलेल्या त्या माणसाला तरी हे वाढू नका. अंश कितीही सूक्ष्म असला तरी नोकरीपुढे चटणी मोठी नाही. घरच्या कुंडीत बी टोचून बघणं तर सरळ गुन्हा आहे, हौस म्हणूनसुद्धा.

आता शेताकडे जाते. इथे आधी एक नावाचा गोंधळ सोडवायला हवा. इंग्रजांना जे जे झाड दोरखंडाचा धागा देईल ते ते 'हेम्प' वाटत असे. आपला ताग, ज्याला सण किंवा बोरू म्हणतात आणि जो भाताआधी पेरून हिरवळीचं खत म्हणून जमिनीत गाडतात, त्याला त्यांनी 'सन हेम्प' म्हटलं. आपल्या अंबाडीला 'डेक्कन हेम्प' म्हटलं. अंबाडीच्या एका जातीचं शास्त्रीय नावच हिबिस्कस कॅनाबिनस आहे, कारण तिचं पान भांगेच्या पानासारखं बोटं पसरलेलं दिसतं. लसणाची फोडणी घातलेली अंबाडीची भाजी खाणाऱ्या कुणाचाही गांजाशी संबंध नसतो, तरी नावात तो आहे. त्यामुळे जुन्या कागदपत्रांत 'बॉम्बे हेम्प' वाचलं तर ते बहुधा ताग किंवा अंबाडी समजावं.

खरं हेम्प शेतात कसं वागतं? दाट पेरलं तर तीन-चार महिन्यांत माणसाच्या दुप्पट उंच होतं. पानांची सावली इतकी घट्ट पडते की तणाला ऊन मिळत नाही, म्हणून तणनाशकाची गरज बरीच कमी होते. सोटमूळ खोल जातं आणि माती भुसभुशीत करतं. झाडाचा बहुतेक प्रत्येक भाग विकता येतो, आणि मला यातच त्याचं मोल दिसतं. बी खायला, तेलाची पेंड जनावरांना किंवा पिठाला. खोडाच्या सालीचा लांब धागा दोर, कापड आणि कागदाला. तागासारखंच खोड कुजवून हा धागा सोडवतात. हिमाचलच्या कुल्लू भागात याच धाग्याच्या चपला विणतात, त्यांना पूला म्हणतात, आणि देवळात चामडं चालत नाही तिथे त्या घालून जातात. धागा निघाल्यावर उरतो तो खोडाचा आतला, भेंडासारखा हलका लाकडी भुगा. तो चुन्यात कालवून भिंती करतात. फ्रान्समध्ये गेल्या शतकाच्या शेवटी ही पद्धत रुजली. अशी भिंत इमारतीचं वजन पेलत नाही, त्यासाठी सांगाडा वेगळा लागतो, पण ती उष्णता अडवते, ओल शोषून पुन्हा सोडते, आणि झाडाने हवेतून घेतलेला कार्बन भिंतीतच धरून ठेवते.

हे वाचताना मला वेरूळ आठवतं. २०१६ मध्ये पुरातत्त्व खात्यात काम केलेले राजदेव सिंह आणि औरंगाबादच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ एम. एम. सरदेसाई यांनी वेरूळच्या बाराव्या लेण्याच्या गिलाव्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. माती आणि चुन्याच्या गिलाव्यात त्यांना कॅनाबिस सटायव्हाचे तुकडे मिळाले. त्यांचं म्हणणं, यामुळे ओल आटोक्यात राहिली आणि किडे दूर राहिले. अजिंठ्याच्या गिलाव्यात ही भर नाही, आणि तिथल्या चित्रांचं किड्यांनी मोठं नुकसान केलेलं आहे. आपल्याच मातीतल्या कारागिरांनी चुना आणि भांगेचं खोड एकत्र करून पाहिलं होतं, हजार वर्षांहून आधी. दरवर्षी ऑगस्टमध्ये पोपडे धरणाऱ्या आमच्या मागच्या भिंतीकडे बघताना हे फार जवळचं वाटतं.

पण 'या पिकाला पाणी लागत नाही, खत लागत नाही' असं जे सर्रास छापलं जातं ते शेतकऱ्याला फसवणारं आहे. चांगलं बी हवं असेल तर नत्र भरपूर लागतं आणि फुलोऱ्याच्या वेळी ओलही लागते. शिवाय हे झाड जमिनीतले जड धातू शोषून घेतं. अणुभट्टीच्या अपघाताने दूषित झालेल्या चेर्नोबिलजवळच्या जमिनीवर १९९८ च्या सुमारास ते याच गुणासाठी लावून पाहिलं होतं. जमीन साफ करायला हा गुण चांगला, ताटासाठी वाईट. कारखान्याच्या सांडपाण्यावर पिकलेलं बी खाण्यायोग्य नाही, म्हणून कुठल्या जमिनीत पिकलं हे विचारणं ग्राहकाचं कामच आहे.

महाराष्ट्रात हे पीक का येत नाही, याचं कायद्याइतकंच मोठं कारण सूर्यात आहे. हे झाड दिवस लहान होऊ लागले की फुलावर येतं. उत्तर फ्रान्समध्ये जूनचा दिवस सोळा तासांचा असतो, तिथे झाडाला वाढायला ऐसपैस वेळ मिळतो. अल्मोड्याला सर्वांत मोठा दिवस चौदा तासांच्या आसपास, मुंबईला जेमतेम सव्वातेरा. युरोपातलं बी आणून मराठवाड्यात पेरलं तर झाड गुडघ्याएवढं असतानाच फुलायला लागेल, मग धागाही नाही आणि बीही मूठभर. इथल्या दिवसमानाला बसेल असा कमी टीएचसीचा वाण निवडून घडवावा लागेल, आणि ते कृषी विद्यापीठांचं अनेक हंगामांचं काम आहे. त्यात आणखी एक अडचण अशी, की परागकण वाऱ्याने लांबवर जातात. शेजारच्या रानात जास्त टीएचसीची जंगली झाडं असतील तर पुढच्या पिढीचं बी बिघडतं, आणि फुलोरा तपासणीत नापास झाला तर उभं पीक नष्ट करायची वेळ येते. हा धोका कुणी उचलायचा हे ठरल्याशिवाय शेतकऱ्याला 'लावा' म्हणणं बरोबर नाही.

केंद्राच्या कायद्यात धागा आणि बियांसाठी लागवडीला परवानगी देण्याचा अधिकार सरकारकडे पहिल्यापासून आहे. उत्तराखंडने तो २०१८ मध्ये वापरून व्यावसायिक लागवडीचा रस्ता उघडला, हे करणारं ते पहिलं राज्य. हिमाचलच्या मंत्रिमंडळाने २०२५ च्या जानेवारीत पथदर्शी प्रकल्पाला मान्यता दिली. मुंबईतही २०१३ पासून बॉम्बे हेम्प कंपनी या नावाचा उद्योग या क्षेत्रात आहे, म्हणजे शहराला हा विषय अगदीच परका नाही.

आमच्या घरी सध्या पुडी येते ती काकूंच्या गावाकडून, कुणी येणारं-जाणारं असलं की. ती संपली की मी वाण्याकडचं पाकीट घेते, पण आधी उलटं करून बारीक अक्षरं वाचते. काही पाकिटांतलं बी परदेशातून आलेलं असतं. त्याच फळीवर उत्तराखंडचं पाकीट असेल तर मी ते उचलते, पाचपन्नास रुपये जास्त पडले तरी.